पाणथळ, दलदल, खाजण : कोणता शब्द कोठे?

प्रश्न : पाणथळ, दलदल, खाजण आणि खारफुटी हे शब्द लिखाणात एकमेकांच्या जागी सर्रास येतात. त्यांत फरक आहे का? इंग्रजीतील मार्श, स्वॉम्प, बॉग आणि फेन यांना मराठीत काय म्हणावे?

उत्तर : यांपैकी 'पाणथळ' हा सर्वांत व्यापक शब्द आहे. इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमची वा हंगामी, गोड्या वा खाऱ्या पाण्याची भूमी, तसेच ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा अधिक खोल नसलेला समुद्राचा भाग, हे सारे पाणथळीत मोडते. त्यामुळे भाताची खाचरेही तीत येतात. दलदल म्हणजे पाय रुतेल अशी चिखलाची जमीन. प्रत्येक दलदल पाणथळ असते, पण स्वच्छ, खडकाळ काठाच्या तळ्याला कोणी दलदल म्हणणार नाही. भरतीचे पाणी जेथे चढते-उतरते ती किनाऱ्यालगतची खारट जमीन म्हणजे खाजण. खारफुटी हे मात्र जमिनीचे नव्हे, तेथे वाढणाऱ्या वनस्पतींचे नाव आहे. त्यामुळे 'खारफुटीत भराव टाकला' या वाक्यात भराव पडतो तो खाजणावर, आणि मरते ती खारफुटी.

इंग्रजी शब्दांपैकी पहिले दोन सोपे आहेत. मार्शमध्ये गवत, लव्हाळे असते आणि स्वॉम्पमध्ये झाडे, म्हणून 'गवताळ दलदल' व 'वृक्षांची दलदल' असे म्हणता येईल. बॉग आणि फेन यांची गोष्ट निराळी आहे. दोन्हींत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, साचतो. पण बॉगला प्रामुख्याने पावसाचेच पाणी मिळते, त्यामुळे ती आम्लधर्मी व पोषकद्रव्यांना वंचित असते, आणि म्हणूनच स्फॅग्नम शेवाळ व कीटकभक्षी वनस्पती तेथे टिकाव धरतात. (डेन्मार्कमधील अशाच एका बॉगमध्ये १९५० साली सापडलेल्या, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाची त्वचाही शाबूत होती, आम्ल आणि प्राणवायूचा अभाव यांचा हा परिणाम.) फेनला भूजलातून खनिजे मिळतात, त्यामुळे तेथील वनस्पती अधिक विविध असतात. पीटभूमीने पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे तीन टक्केच भाग व्यापलेला असला, तरी तीत जगातील सर्व जंगलांच्या वनस्पतींहून अधिक कार्बन साठलेला आहे.

यासाठी मराठीत नवे संस्कृत शब्द घडवण्यापेक्षा बॉग आणि फेन हेच शब्द ठेवावेत, असे मला वाटते. दोन्हींना नुसते दलदल म्हटले, तर पाणी कोठून येते हा त्यांतील मूळ भेदच पुसला जातो.