प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : व्हॅनिटी बॉक्सचा न उघडणारा कप्पा

प्रश्न : लिलावात एक जुना लाकडी व्हॅनिटी बॉक्स घेतला, व्हिक्टोरियन इंग्लिश आहे असं विकणारा म्हणाला. आत काचेच्या बाटल्या, त्यांना चांदीची झाकणं, वरच्या झाकणात आरसा. खाली पुढच्या बाजूला ड्रॉवरसारखी बारीक फट दिसते पण मूठ नाही की चावीचं भोक नाही. स्क्रूड्रायव्हर घालून बघू का? आणि खरंच त्या काळातला आहे हे कसं कळणार? पॉलिश करून घेऊ का?
– एक वाचक

उत्तर : स्क्रूड्रायव्हर अजिबात नको! तो बहुतेक दागिन्यांचा चोरकप्पा आहे आणि तो बाहेरून उघडायचा नसतोच. वरचं झाकण उघडा, आतल्या कडेवरून बोट फिरवा, कुलपाजवळ किंवा बाजूच्या भिंतीत छोटं पितळी बटण किंवा खिळ्यासारखी दांडी लागेल, ती दाबली किंवा वर उचलली की मागची स्प्रिंग ड्रॉवर पुढे ढकलते. दाबूनही हलला नाही तर स्प्रिंग दमलेली असते, मग बटण दाबून धरा आणि पेटी पुढे कलती करा, ड्रॉवर स्वतःच्या वजनाने सरकतो. आरशाची चौकटही बऱ्याच पेट्यांत सुटी होते आणि तिच्यामागे पत्रं ठेवायला कातडी खिसा असतो, तोही बघाच. बाहेरून साधा चौकोनी ठोकळा आणि आत एवढी कारागिरी, मला तर या पेट्यांचं यासाठीच वेड आहे.

आता काळ. त्यासाठी लाकडाआधी चांदी बघा. भिंग घेऊन झाकणावरचे शिक्के वाचा: चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचं तोंड लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, आणि एक अक्षर असतं त्यावरून वर्ष निघतं. व्हिक्टोरिया राणीचं मुंडकं असेल तर फारच छान, तो कर भरल्याचा शिक्का आणि तो १८९० मध्ये बंद झाला, म्हणजे झाकण त्याच्या आधीचं. सगळ्या झाकणांवर तेच अक्षर आहे का ते मात्र नक्की तपासा, एखादं वेगळं निघालं तर ती बाटली किंवा झाकण नंतर बदललेलं असू शकतं. शिक्केच नसतील तर मुलामा असेल, एल्किंग्टन या इंग्लिश कारखानदारांनी १८४० मध्ये विजेने चांदीचा मुलामा द्यायचं पेटंट घेतलं आणि नंतर तशी झाकणंही खूप निघाली. कुलपावर ब्रामा या इंग्लिश कुलूपवाल्याचं नाव असेल तर चावी जपा, नळीसारखी गोल असते. त्या कुलपाचं पेटंट १७८४ चं, म्हणजे नुसत्या नावावरून पेटीचं वय ठरत नाही.

पॉलिशबद्दल माझं स्पष्ट मत, करू नका. वरचं अक्रोड, रोझवूड किंवा काळं-तपकिरी पट्ट्यांचं कोरोमंडल म्हणजे नुसता विनियर, लाकडाचा पातळ पापुद्रा, खाली दुसरं लाकूड, मधे सरस. मशीनने घासलं की विनियर भोकं पडेपर्यंत झिजतो, मग काही उपाय नाही. पितळी पट्ट्या वर आल्या असतील तर हातोडी मारू नका, जुन्या लाकडाचं काम करणाऱ्याकडूनच परत सरसाने बसवून घ्या. सरस ओल आणि उष्णतेने सुटतो म्हणून ओलं फडकं नको, ऊन तर नकोच, कोरडं मऊ फडकं पुरे. चांदीही जोर लावून घासू नका, शिक्के पुसट होतात. आणि बाटल्या काढण्याआधी आतला एक फोटो काढून ठेवा, मखमलीतल्या खाचा त्या त्या बाटलीच्या मापाने केलेल्या असतात, अदलाबदल झाली की पेटीचं झाकण नीट लागत नाही.