मुलगा मलकालला, जीव इथे टांगणीला

प्रश्न : माझा मुलगा भूदलात नाईक आहे. चार महिन्यांपूर्वी त्याची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानमधल्या मलकालला गेली. तो काश्मीरला होता तेव्हाही काळजी वाटायचीच, पण तेव्हा तो आपल्या मुलखात होता. आता संध्याकाळी सात वाजता देवापाशी दिवा लावला की मी फोन घेऊन बसते. मेसेजवर एकच टिक दिसली की पोटात गोळा येतो, मग यूट्यूबवर ‘सुदान’ शोधत बसते आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. त्याचा फोन आधी सुनेला येतो, त्यावरून परवा मी तिला टोचून बोलले. मालक स्वतः निवृत्त फौजी, ते म्हणतात, “फौजीची आई आहेस, रडतेस काय?” त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे आहे, ते मुलाला कळवावे की नाही, हेही सुचत नाही.
– एक आई, खटाव तालुका, जि. सातारा

उत्तर : ताई, आधी तुमची संध्याकाळी सातची वेळ पाहू. दक्षिण सुदानचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे आहे. तुम्ही दिवा लावून बसता तेव्हा मलकालला दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि तुमचा मुलगा बहुधा कामावर असतो. तिथली संध्याकाळ आपल्याकडे रात्री दहाच्या पुढे उजाडते. म्हणजे सातपासून दहापर्यंतचे तीन तास तुम्ही अशा निरोपाची वाट पाहता, जो त्या वेळेला येण्याची शक्यताच कमी असते. एक टिक याचा अर्थ त्याचा फोन बंद आहे किंवा नेटवर्कच्या बाहेर आहे, एवढाच. शांतिसेनेच्या तुकड्या कित्येकदा चार-चार दिवसांच्या गस्तीवर जातात, नाईल नदीतून बोटीनेही गस्त घालतात. पावसाळ्यात तिथली काळी माती अशी फुगते की गाड्या जागच्या जागी रुततात आणि एक दिवसाचे काम तीन दिवसांवर जाते. खटावच्या माणसाला काळ्या रानातला चिखल समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट यूट्यूबची. सुदान आणि दक्षिण सुदान हे ९ जुलै २०११ पासून दोन वेगळे देश आहेत. एप्रिल २०२३ पासून खार्टुम आणि दारफुरमध्ये जे युद्ध पेटले, ते सुदानमधले. तुमचा मुलगा आहे तो दक्षिण सुदान. तुम्ही नुसते ‘सुदान’ शोधता तेव्हा फोन तुम्हाला बहुतेक वेळा शेजारच्या देशातली आग दाखवतो. दक्षिण सुदान एकटाही आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. राजधानी जुबा मलकालपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे, त्यामुळे जुबात काही झाले म्हणजे मुलाच्या छावणीत झाले, असे नाही.

तरीही तिथे सगळे आलबेल आहे, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही फौजीच्या पत्नी आहात, खोटा दिलासा तुम्हाला लगेच कळेल. एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या जोंगलेई राज्यात ताफ्यावर हल्ला होऊन ५ भारतीय सैनिक मारले गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अकोबोच्या तळावरही भारतीय जवान धारातीर्थी पडले. तेव्हा तुमची भीती वेडगळ नाही. पण भीती खरी असली, तरी ती कशावर पोसायची हे आपल्या हातात असते. अधिकृत निरोप यूट्यूबवरून येत नाही. तो लष्कराकडून, जवानाने नोंदवलेल्या निकटच्या नातेवाइकाला येतो, आणि लग्न झालेल्या जवानाच्या बाबतीत ती व्यक्ती बहुधा पत्नी असते. म्हणून सूनबाईंचा आत्ताचा फोन नंबर पलटणीच्या नोंदीत आहे ना, हे त्यांच्याकडून विचारून घ्या. मायदेशी मागे राहिलेल्या तुकडीचा, म्हणजे रिअर पार्टीचा नंबर एका कागदावर लिहून तो कॅलेंडरजवळ लावा.

यातच तुमच्या रुसव्याचेही उत्तर आहे. रात्री मोजकी दहा मिनिटे हातात असलेला माणूस आधी बायकोला फोन करतो, यात आईचा पाणउतारा नाही. तिचे लेकरू लहान आहे, घरचा गाडा ती ओढते आहे. सुनेशी गोड बोला आणि तिलाच मध्यस्थ करा. आठवड्यातला एक वार फक्त तुमचा, भारतीय वेळेनुसार रात्री दहानंतरचा, असे मुलाशी ठरवून घ्या. आणि गस्तीमुळे तो चुकला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत हाकबोंब करायची नाही, हेही आत्ताच ठरवा.

माझा थोरला भाऊ १९८७ साली भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला, तेव्हा आमच्या आईकडे फोन नव्हता. ए.पी.ओ.च्या, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाच्या पत्त्यावर आंतर्देशीय पत्र टाकायचे आणि उत्तराची वाट पाहायची. भावाची पत्रे ती तांदळाच्या डब्यात ठेवायची. डबा उघडला की पत्रांना तांदळाचा वास यायचा आणि पत्रात लिहिलेले असायचे, ‘मी खुशाल आहे, म्हैस व्यायली का?’ आम्ही पोरे हसायचो. आज वाटते, त्या एका ओळीत आई महिनाभर तग धरून राहायची, कारण त्याच्या डोक्यात घर चालू आहे, हे तिला कळायचे.

तुम्हीही तेच करा. ‘तिथे धोका आहे का, जेवलास का, खरे सांग’ या प्रश्नांची तो तीच ती उत्तरे देणार, आणि ती तुम्हाला खरी वाटणार नाहीत. त्याऐवजी तिथल्या गुरांबद्दल विचारा. तिथले डिंका, नुएर आणि शिल्लुक लोक गुरे राखणारे आहेत, लांब शिंगांची गाय म्हणजे त्यांची दौलत. भारतीय लष्कराच्या पशुवैद्यांनी मलकालमध्ये त्यांच्या जनावरांवर उपचार केले आहेत. खिलार जनावरांमध्ये वाढलेला तुमचा मुलगा यावर भरभरून बोलेल. तो बोलत असताना त्याचा आवाज ऐका, तब्येत त्यातून कळते. फक्त त्याने पाठवलेले छावणीचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. ते कुठे पोहोचतील, यावर आपला ताबा नसतो.

मालकांचे बोलणे मनावर घेऊ नका. ज्यांनी स्वतः वर्दी घातली, त्यांना मागे राहणाऱ्याचा जाच पाहायला मिळालेला नसतो. मात्र झोपेविना दोन आठवडे गेले, जेवण जाईना, तर गावातल्या डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आता मोतीबिंदू. लपवू नका. भावकीतल्या कुणी ना कुणी व्हॉट्सअॅपवर त्याला सांगितलेच, तर त्याला वाटेल, आणखी काय काय लपवले असेल! डॉक्टरांनी तारीख दिली की सांगा, सोबत कोण जाणार आणि कधी घरी येणार तेही सांगा. आणि शक्य झाल्यास तुमच्या ठरलेल्या वाराच्या आदल्या दिवसाची तारीख घ्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी हिरवी पट्टी बांधलेले मालक स्वतःच त्याच्याशी बोलतील.