उपग्रहातील घड्याळे बंद पडली तर उपग्रह निकामी होतो का?

नाविक या स्थान सांगणाऱ्या भारतीय उपग्रहांच्या मालिकेतील पहिल्या उपग्रहाची तिन्ही घड्याळे बंद पडल्यावर तो वाया गेला का आणि आपल्या मोबाइलवर नाविक चालते का, असे आपण विचारले आहे. नाशिकला मेन रोडवर मी ३० वर्षे घड्याळे दुरुस्त करत आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाने खपली निघाली.

२०१७ साली ही बातमी आली तेव्हा, मोबाइल आल्यावर वडिलांच्या दुकानातील आपला वाटा काढून घेतलेले माझे थोरले बंधू मुद्दाम दुकानात आले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "एवढा उपग्रह घड्याळापायी गेला. हा धंदा संपला म्हणत होतो, ऐकलं नाहीस." मला तेव्हा उत्तर सुचले नाही.

चावीच्या घड्याळाचा बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारे चाक, सेकंदाला साधारण ५ ठोके देतो आणि दिवसाकाठी अर्धा मिनिट मागेपुढे झाले तरी कोणी तक्रार करत नाही. उपग्रहातील अणुघड्याळ मात्र रुबिडियम या धातूच्या अणूवर चालते; त्याची ठरलेली कंपने सेकंदाला सुमारे ६८३ कोटी असतात, आणि तिथे सेकंदाचा एक अब्जांश भाग चुकला तरी अंतर ३० सेंटिमीटरने चुकते, कारण उपग्रहाकडून निघालेला संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरूनच अंतर काढले जाते. अशा उपग्रहात घड्याळ हाच खरा माल. बाकी सारे केस आणि पट्टा.

१ जुलै २०१३ रोजी गेलेल्या त्या उपग्रहातील घड्याळे परदेशी होती. यंत्राचे काळीजच बाहेरून आणणे मला तेव्हाही पटले नव्हते. तरीही तो वाया गेला नाही. स्थान सांगणे थांबले, पण छोटे संदेश पाठवण्यासाठी तो वापरात राहिला. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सोडलेला उपग्रह खरोखर वाया गेला, पण तो घड्याळामुळे नव्हे, तर रॉकेटचे उष्णतारोधक कवच सुटले नाही म्हणून. पुढे २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्याच नव्या उपग्रहामध्ये प्रथमच भारतात घडवलेले रुबिडियम घड्याळ बसले. तेव्हा घरातील एखादे मूल बारीक कामात रमत असेल, तर वाटणी मागणाऱ्या भावाच्या सल्ल्याने त्याला अडवू नये.

मोबाइलचे म्हणाल, तर ते आतील चिपवर अवलंबून असते. जुने नाविक उपग्रह एल५ आणि एस या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर बोलतात, तर साध्या मोबाइलला ऐकू येणारा एल१ पट्टा एनव्हीएस-०१ पासून आला. अर्थात मी मनगटी घड्याळेच उघडली आहेत, अणुघड्याळ कधी हातात घेतलेले नाही.