अँब्युलन्सवर काम करणाऱ्याची कंबरही दुखते आणि झोपही उडाली आहे. आधी कोणाकडे न्यावं?

कंबरेच्या डॉक्टरांकडे आणि मनाच्या डॉक्टरांकडे, दोघांकडेही, आणि शक्यतो एकाच आठवड्यात. तुम्ही लिहिलंय की तुमचे मिस्टर कळव्याच्या बाजूला अँब्युलन्सवर ईएमटी (रुग्णाला वाटेत तातडीची मदत देणारे कर्मचारी) आहेत, चार महिने कंबर धरली आहे, हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'आराम करा' सांगितलं, आणि घरी ते झोपेतून दचकून उठतात, मुलांवर ओरडतात. ही दोन वेगळी दुखणी धरू नका. झोप तुटली की तेवढंच दुखणं जास्त जाणवतं, दुखण्याने पुन्हा झोप तुटते, आणि पुढच्या कॉलच्या ताणात मान-खांदे सैल पडतच नाहीत. म्हणून नुसत्या गोळीने किंवा नुसत्या समुपदेशनाने अर्धवटच बरं वाटतं.

कंबरेचं मूळ बहुतेक वेळा जिन्यात असतं. कळवा, मुंब्रा, किसननगर किंवा कोपरखैरण्यातल्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसते आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. घोडबंदरच्या टॉवरला लिफ्ट असते, पण तीत स्ट्रेचर आडवं मावेलच असं नाही. मग रुग्ण खुर्चीत नाहीतर चादरीत खाली येतो. आता हिशोब बघा. ७० किलोचा माणूस आणि १० किलोची खुर्ची, दोघांनी धरली तर प्रत्येकी ४० किलो. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असताना खोकं उचलायची मर्यादा २३ किलो आहे. रुग्ण हलतो, घसरतो, त्यामुळे रुग्ण उचलताना तीच मर्यादा साधारण १६ किलो धरतात. म्हणजे चौघे लागले तरी थोडं जास्तच होतं. १०८च्या सरकारी गाडीवर एक डॉक्टर आणि एक पायलट (म्हणजे चालक) असतो, खासगी गाडीवरही बहुधा दोघेच.

त्यामुळे 'गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा' एवढ्या प्रशिक्षणावर माझा विश्वास नाही. नुसतं तंत्र शिकवून कंबरदुखी कमी होत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. वजन कमी करा आणि हात वाढवा, इलाज तो. कॉल आला की गाडी निघतानाच नातेवाइकांना फोनवर विचारायचं: कितवा मजला, लिफ्ट आहे का, रुग्ण अंदाजे किती वजनाचा, उचलायला दोन धडधाकट माणसं मिळतील का. गाडीत पट्ट्यांवरून सरकत उतरणारी जिन्याची खुर्ची असेल तर वजन पायऱ्यांवर जातं. साध्या खुर्चीवर न्यायचं तर लाकडी, भक्कम घ्या. प्लास्टिकची पाय फाकून मोडते, घडीची मिटते. छाती आणि मांड्या पट्ट्याने बांधायच्या, रुग्णाचे हात आत. उतरताना खालच्या माणसावर जास्त भार येतो, म्हणून उंच आणि ताकदवान माणूस खाली. 'एक-दोन-तीन' ही मोजणी एकानेच करायची, आणि प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवायची. मणक्याला मार असल्याची शंका असेल तर खुर्ची नाही, स्कूप स्ट्रेचर (दोन भागांत उघडून दोन्ही बाजूंनी रुग्णाखाली सरकवायचं). पलंगावरून स्ट्रेचरवर घेताना उचलू नका, सरकचादरीवरून (खाली घालायची गुळगुळीत चादर) ओढा.

सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं) द्यायचा असेल तेव्हा दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दमलेल्या हातांनी दाब उथळ पडतो आणि देणाऱ्याची कंबरही जाते.

आता गोळ्या. डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी रोज घेत असतील तर आजच डॉक्टरांना विचारा. ड्यूटीवर लघवीला जागा मिळत नाही म्हणून ही मंडळी पाणीच पीत नाहीत, आणि कमी पाण्यावर ही गोळी मूत्रपिंडाला बाधते. कंबरेचा पट्टा दुखणं टाळत नाही. अंथरुणात पडून राहणंही नको. रोज २०-३० मिनिटं चालणं आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पोट-पाठ-नितंबांचे व्यायाम आठवड्यात तीनदा. मात्र दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर थेट इमर्जन्सी. तिथे एक दिवसाचीही वाट पाहू नका.

मनाचं. रुळांवरचा अपघात, लहान मूल दगावणं, 'गाडी उशिरा आली' म्हणून अंगावर येणारी गर्दी, यानंतर काही दिवस झोप न लागणं स्वाभाविक आहे. महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, ते ठिकाण टाळलं जात असेल, दचकणं आणि चिडचिड चालू असेल, तर पीटीएसडीची (आघातानंतर मनावर राहणाऱ्या ताणाच्या आजाराची) तपासणी हवी. तुमच्याकडे कंबरेलाच चार महिने झाले आहेत; झोपेचा त्रासही महिन्याहून जुना असेल तर थांबू नका. घटनेच्याच दिवशी सगळ्यांना बसवून 'सांगा काय झालं' असं बोलायला लावणं जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही. त्या दिवशी जेवण, झोप, दारूपासून लांब राहणं आणि सोबत्याचा एक फोन पुरेसा. उपचारात आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी बोलण्याची थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम करणारी थेरपी) असतं. झोपेच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत, सवय लागते.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१पासून आहे, आणि 'ठाण्याला पाठवा' ही चेष्टा ऐकून माणसं तिथल्या ओपीडीत जायला लाजतात. लाज वाटत असेल तर सुरुवात फोनवरून करा: टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, २४ तास, मराठीतही. जगण्यात अर्थ नाही असं ते बोलले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, एकटं सोडू नका.

एक कागदाचं काम. ईएसआयसी या कामगारांच्या सरकारी विमा योजनेचा सभासद होण्याची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. ते सभासद असतील तर वागळे इस्टेट किंवा वाशीच्या रुग्णालयात दाखवता येतं, आणि वर्गणीची अट पुरी असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. ड्यूटीवर कंबर लचकली तर त्याच दिवशी अपघात नोंदवहीत लिहून घ्यायला सांगा: वेळ, पत्ता, मजला, किती जणांनी उचललं.