जुन्या वॉकी-टॉकीचा फ्रिक्वेन्सी पट्टा कसा ओळखावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या बाजारातून आपण मोटोरोला जीपी ३२८ जातीचे सहा वॉकी-टॉकी घेतले, त्यांना डिस्प्ले नाही, विक्रेत्याने ते व्हीएचएफ, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यातले, असल्याचे सांगितले, परंतु अँटेना आखूड असल्यामुळे आपल्याला शंका येते आहे, आणि नुकताच हॅम (हौशी रेडिओचा) परवाना मिळाला असल्याने हे सेट त्या कामी येतील का, हे ठरवायचे आहे. शंका रास्त आहे, मात्र केवळ अँटेनावरून निर्णय करू नये. व्हीएचएफची अँटेना साधारणपणे यूएचएफच्या, म्हणजे त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याच्या, अँटेनापेक्षा बरीच लांब असते हे खरे. पण व्हीएचएफसाठीही गुंडाळलेल्या तारेच्या आखूड अँटेना मिळतात, आणि जुन्या मालात तर जी अँटेना आट्यांत बसली ती लावून सेट विकला जातो. अँटेना सुटा भाग आहे, त्यामुळे पुरावा म्हणून तिचे मोल फार कमी आहे.

पट्टा ओळखण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून घेणे आवश्यक आहे. सेटमध्ये सध्या भरलेली चॅनेले ही एक गोष्ट, आणि तो सेट मुळात ज्या पट्ट्यात चालू शकतो तो पट्टा ही दुसरी. चॅनेले संगणकावरून हवी तेव्हा बदलता येतात. पट्टा मात्र आतील ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी निर्माण करणारा भाग), फिल्टर आणि शेवटच्या ॲम्प्लिफायरची (सिग्नलची शक्ती वाढवणाऱ्या भागाची) जुळणी यांनी ठरलेला असतो आणि सॉफ्टवेअरने बदलत नाही. म्हणूनच नुसते ‘यूएचएफ आहे’ एवढे कळणेही पुरेसे नाही. जीपी ३२८ यूएचएफमध्ये ४०३ ते ४७० मेगाहर्ट्झ असाही मिळतो आणि ४५० ते ५२७ मेगाहर्ट्झ असाही मिळतो. आपल्या देशात हॅमसाठी यूएचएफमधील पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे पहिला सेट कामाचा आणि दिसायला हुबेहूब तसाच असलेला दुसरा बिनकामाचा. व्हीएचएफमध्ये हा घोळ कमी आहे, कारण या मॉडेलचा व्हीएचएफ सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ असा सलग चालतो आणि त्यात आपला १४४ ते १४६ चा पट्टा येतो. मात्र त्याहून जुन्या पिढीचे काही सेट १४६ ते १७४ असे असत, आणि ते आपल्या पट्ट्याच्या अगदी काठावर येऊन थांबतात. असा सेट कोणी स्वस्तात देऊ केला तर हे ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष ओळख. बॅटरी काढून सेटची मागची बाजू पाहिलीत की तेथे मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक यांचे लेबल असते. ते घासलेले असेल तर विजेरीचा प्रकाश तिरका टाकून पाहावे. शाई गेली तरी छपाईचा ठसा बहुधा वाचता येतो. या मालिकेच्या मॉडेल क्रमांकात आरंभीची अक्षरे विक्रीच्या प्रदेशाप्रमाणे बदलतात, ती सोडून द्यावीत. ‘एच २५’ नंतर लगेच येणारे एकच अक्षर आपल्याला हवे आहे: ‘के’ असेल तर व्हीएचएफ, ‘आर’ असेल तर ४०३ ते ४७०, आणि ‘एस’ असेल तर ४५० पासून वरचा यूएचएफ. हीच कसोटी सगळ्या मोटोरोला सेटना लावू नये. नंतरच्या मोटोट्रबो या डिजिटल मालिकेत व्हीएचएफला ‘जे’ आणि यूएचएफला ‘क्यू’ किंवा ‘टी’ अशीही अक्षरे आहेत. इतर कंपन्यांच्या खुणा सोप्या आहेत: केनवूडच्या टीके मालिकेतील चार आकडी मॉडेलांत २ ने सुरू होणारा क्रमांक व्हीएचएफ आणि ३ ने सुरू होणारा यूएचएफ, उदाहरणार्थ २२०७ आणि ३२०७, आयकॉमच्या एफ मालिकेतील अनेक मॉडेलांत ३ आणि ४ यांचा तसाच संबंध आहे.

एवढे असूनही जुन्या मालात लेबलावर पूर्ण विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जीपी ३२८ साठी नवी प्लास्टिक कवचे आणि कोरी छापील लेबले बाजारात सर्रास मिळतात, आणि सेट ‘नव्यासारखा’ करताना कोणत्या सेटवर कोणते लेबल चिकटवले गेले याची शाश्वती नसते. आपले सहाही सेट एका रंगाचे आणि चकचकीत असतील, तर ही शंका अधिकच बळावते.

म्हणून पुढची पायरी म्हणजे बाजूच्या जोडणीला प्रोग्रॅमिंग केबल लावून कंपनीच्या सॉफ्टवेअरने सेट वाचणे. सॉफ्टवेअरची आवृत्ती विक्रीच्या प्रदेशाशी जुळणारी असावी लागते, नाहीतर ते सेट वाचण्यास नकार देते. वाचल्यावर प्रथम ती फाइल जशीच्या तशी जतन करावी. त्यानंतर माहितीच्या पानावरील मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक लेबलाशी ताडून पाहावेत. दोन्ही जुळले तर प्रश्न मिटला. न जुळल्यास सेटच्या आतील नोंद खरी मानावी. चॅनेलच्या रकान्यात पट्ट्याबाहेरची फ्रिक्वेन्सी भरू पाहिल्यास सॉफ्टवेअर ती स्वीकारत नाही, ही आणखी एक खूण. या पद्धतीचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण असा की तिच्यात काहीही प्रसारित होत नाही.

अनेक जण सुचवतात की बोलण्याचे बटण दाबून फ्रिक्वेन्सी काउंटरवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या उपकरणावर, आकडा पाहावा. आकडा मिळतो, पण तो त्या चॅनेलचा असतो, पट्ट्याच्या दोन टोकांचा नव्हे. ‘के’ आणि ‘आर’ यांतील फरक त्यावरून कळेल, परंतु ४५५ असा आकडा आला तर सेट ‘आर’ आहे की ‘एस’ हे कळणार नाही. शिवाय ते चॅनेल पूर्वीच्या मालकाचे आहे. तो मालक एखादा कारखाना असेल, सुरक्षा संस्था असेल किंवा बंदरावरील कंत्राटदार असेल, आणि तेथे आजही कोणी काम करत असेल. आपला हॅम परवाना त्या फ्रिक्वेन्सीवर प्रसारण करण्याची मुभा देत नाही. ज्याच्याकडे रीतसर परवानगी आणि साधने आहेत, अशा दुरुस्ती करणाऱ्याकडून ही चाचणी अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती आतच जिरवणारा रोध) लावून करून घ्यावी. अँटेना किंवा लोड यांपैकी काहीच न लावता बटण कधीही दाबू नये. आरटीएल-एसडीआर डोंगलवर (संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरवर) पाहायचे असल्यास त्याची अँटेना काढून, गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) अगदी कमी ठेवून, डोंगल काही अंतरावर ठेवावा. सिग्नल फार जोरदार मिळाला तर पडद्यावर खोट्या रेषाही उमटतात. १५५ मेगाहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट ठिकाणी उमटणारा सिग्नल) ४६५ वर येतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी पाहणारा माणूस व्हीएचएफ सेटला यूएचएफ समजून बसतो. सर्वांत ठळक रेषा कोणती, हे खालपासून वरपर्यंत पाहूनच ठरवावे.

आपल्याकडे २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये परवान्याविना वापरता येणारी अल्पशक्तीची उपकरणे आहेत, हे कोणी आपल्याला सांगेल. ती सवलत कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त उपकरणांसाठी आहे. व्हीएचएफमध्ये ५ आणि यूएचएफमध्ये ४ वॅट देणारा जीपी ३२८ त्या फ्रिक्वेन्सीवर लावल्याने त्या सवलतीत बसत नाही.

तेव्हा सहाही सेट एकेक करून वाचा, कारण एकाच गठ्ठ्यात निरनिराळ्या पट्ट्यांचे सेट मिसळलेले असू शकतात. ‘के’ निघालेल्या सेटमधील जुनी चॅनेले पुसून १४४ ते १४६ मधील आपली चॅनेले भरा, ‘आर’ निघाल्यास ४३४ ते ४३८ मधील. प्रत्येकावर अनुक्रमांक आणि पट्टा लिहिलेली चिठ्ठी लावा आणि त्या पट्ट्याची अँटेना बसवा. ‘एस’ निघालेले सेट मात्र पावती आणि वाचलेल्या माहितीच्या पानाची छापील प्रत घेऊन विक्रेत्याला परत करा, कारण व्हीएचएफ म्हणून विकलेला माल तो नव्हेच.