साठ वर्षे मोजायची तरी कोठून?

प्रश्न : आमचे वाचनालय दिवाळीच्या सुट्टीत अंगणात पडदा बांधून आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' हा चित्रपट गावाला फुकट दाखवणार आहे, साने गुरुजींचे पालगड आमच्याच तालुक्यातले. डीव्हीडीच्या वेष्टनावर 'सर्व हक्क राखीव' असे छापलेले आहे, तर एक सभासद म्हणतात की साठ वर्षे उलटल्यामुळे आता कोणाला विचारायला नको. नंतर तो यूट्यूबवर टाकला तर चालेल काय?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आपल्या सभासदांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धेच. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क तो प्रदर्शित झाल्याच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षे टिकतो. हा चित्रपट १९५३ सालचा असल्याने ३१ डिसेंबर २०१३ रोजी त्यावरील हक्क संपला. (पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती आणि ती १९९१च्या अखेरीस वाढवण्यात आली, जुनी माणसे अजून पन्नासच धरतात.) वेष्टनावर काहीही छापले तरी संपलेला हक्क परत येत नाही, मात्र त्या डीव्हीडीसाठी नव्याने लिहिलेली उपशीर्षके किंवा नव्याने काढलेले मुखपृष्ठ यांचा हक्क वेगळा असू शकतो.

घोटाळा होतो तो पुढे. चित्रपटात गुंफलेल्या लेखनाची आणि संगीताची मुदत चित्रपटाबरोबर संपत नाही, कारण ती कर्त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे अशी मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे मूळ पुस्तक २०११ पासूनच मोकळे आहे. अत्रे १९६९ साली वारले, म्हणून त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत चालेल, आणि संगीतकार वसंत देसाई, जे आपल्याच कोकणचे, १९७५ साली गेल्याने त्यांच्या चालींवरील हक्क २०३५ अखेरपर्यंत. म्हणजे एकाच पडद्यावर चार निरनिराळ्या तारखा दिसतात! चित्रपट आहे तसा सलग दाखवण्यात धोका कमी आहे. पण त्यातले गाणे उचलून गणपतीच्या मांडवात वाजवणे किंवा संवाद घेऊन गावच्या रंगमंचावर नाटक बसवणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तेथे संबंधित हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. सलग खेळासाठीही पटकथेच्या व संगीताच्या हक्कधारकांना आधी एक पत्र टाकले तर उत्तम.

यूट्यूबचा विचार मात्र तूर्त सोडावा, असे माझे मत आहे. ती कंपनी अमेरिकेतली, आणि १ जानेवारी १९९६ रोजी भारतात ज्यांचा हक्क जिवंत होता अशा चित्रपटांना अमेरिकेने स्वतःच्या कायद्याचे संरक्षण दिले, तेही प्रदर्शनापासून ९५ वर्षांचे. त्या हिशेबाने हा चित्रपट तेथे २०४८ अखेरपर्यंत बंदिस्तच राहतो, आणि अंगणातल्या पडद्यावर चालणारी गोष्ट इंटरनेटवर अडू शकते.