‘भिडस्त’ म्हणजे लाजाळू काय?

प्रश्न : आमच्या घरी तेलुगू बोलतात, माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. भाचीसाठी आलेल्या स्थळाची माहिती देताना मध्यस्थांनी ‘मुलगा भिडस्त आहे’ असे लिहिले. मी त्याचा अर्थ ‘सिग्गू’ असलेला, म्हणजे लाजाळू, असा सांगितला. तो शेजारच्या काकूंना पटला नाही. बरोबर कोण? आणि ‘निर्भीड’ हा शब्द ‘भीती’वरून आला आहे काय?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : कौल काकूंच्या बाजूने द्यावा लागेल. ‘सिग्गू’ हा मराठीतील ‘लाजे’ला जवळचा आहे; ‘भिडस्त’ मात्र ‘भीड’ या नामावरून आला असून, समोरच्याचे मन मोडेल या विचाराने आपले म्हणणे गिळून टाकण्याच्या वृत्तीला भीड म्हणतात. चादरींचा एखादा व्यापारी गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी करत असेल आणि तरीही जुन्या स्नेह्याकडे थकलेली उधारी मागताना त्याची जीभ रेटत नसेल, तर तो भिडस्त. त्याला लाजाळू कोणी म्हणणार नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण अशांसाठीच आहे. (मध्यस्थ हा शब्द कौतुकाने लिहितात खरे, पण मुलगा नातेवाइकांना उसने किती देतो, हे विचारून घ्यायला हरकत नाही.)

‘बुजरा’ याहून निराळा. गड्डा यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या आवाजाने बैल बुजावा, तसा जो अनोळखी माणसांत बुजतो तो बुजरा. शेतातले बुजगावणेही याच क्रियापदाचे. ओळख वाढली की बुजरेपणा ओसरतो, भिडस्ताची पंचाईत मात्र ओळखीबरोबर वाढते, कारण परक्याला नाही म्हणणे सोपे असते. ‘भीड चेपली’ असे आपण म्हणतो तेव्हा मात्र भीड म्हणजे निव्वळ संकोच, आणि आपला गोंधळ बहुधा तेथूनच झाला असावा.

‘निर्भीड’ हाही ‘भीड’वरूनच आला आहे. भीती नसलेला तो निर्भय. कोणाची भीडमुर्वत न ठेवता बोलणारा तो निर्भीड, मग बोलताना त्याचे पाय लटपटत असले तरी चालेल. लिहिताना ‘भीड’ आणि ‘निर्भीड’ यांतील ‘भी’ दीर्घ, तर ‘भिडस्त’ आणि ‘भिडेखातर’ यांतील ‘भि’ ऱ्हस्व ठेवावी. ‘बुजरा’चे स्त्रीलिंगी रूप ‘बुजरी’ होते; ‘भिडस्त’ मुलाला आणि मुलीला सारखाच लागतो.